एक शंका आणि सोन्याचा वर्ख

मराठी घरात 'हॉल' म्हणजे पुढची खोली. आमच्या लहानपणी घर दोनच खोल्यांचे असले तरी पुढच्या खोलीला हॉलच म्हणत. दिवाण, कॅलेंडर, कोपऱ्यात टीव्ही, आणि पाहुणे आले की आम्हा मुलांची आत हकालपट्टी. त्यामुळे पीएच.डी. संपवून इथे पहिली नोकरी लागली आणि एक सहकारी काळजीच्या सुरात "हॉल नीट वाचता येत नाहीत" असे म्हणाला, तेव्हा क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे तो दिवाणच उभा राहिला.

माझी पदवी इंजिनिअरिंगची, पण पोट भरते ते सॉफ्टवेअरवर. विजेच्या मोटारी चालवणारे प्रोग्रॅम मी लिहितो. या मोटारींच्या पोटात बहुधा तीन छोटे संवेदक बसवलेले असतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्यांची नावे हॉल ए, हॉल बी आणि हॉल सी. मोटारीतले चुंबक फिरत असताना त्यांच्यासमोरून जातात आणि प्रत्येक संवेदक शून्य किंवा एक असे उत्तर देतो. तिघांच्या मिळून आठ शक्यता होतात, पण त्यांतल्या सहाच खऱ्या. तिन्ही शून्ये किंवा तिन्ही एक आले, तर कुठेतरी तार तुटली आहे असे समजून मोटार बंद करायची. हे मी अनेक वर्षे लिहीत आलो. हॉल हे कोणा माणसाचे नाव आहे हे ठाऊक होते, पण तो कोण, कुठला, त्याने काय केले, याची चौकशी मात्र कधी केली नव्हती. ज्या झाडाची फळे रोज खातो ते कोणी लावले हे विचारायला वेळ कुणाला आहे!

ही चौकशी मला करायला लागली ती मुलीमुळे. ती अकरावीला आहे. एका रविवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर डावा हात वाकडा करून बसली होती. आपल्यापैकी विज्ञान शाखेला गेलेल्या प्रत्येकाने ही मुद्रा कधी ना कधी केली आहे. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम! तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधले बोट प्रवाहाचे, आणि अंगठा दाखवेल तिकडे तारेवर बल. आमच्या बोर्डाच्या परीक्षेत सबंध वर्ग असा हात पिरगाळून बसलेला मला आठवतो.

ती म्हणाली, "बाबा, हे बल तारेवर आहे की तारेतल्या प्रवाहावर?"

मी म्हणालो, "उत्तर तेच येतं. आधी गणितं संपव, उद्या द्यायची आहेत ना?"

तोंडातून शब्द गेले आणि मी दचकलो. हाच प्रश्न मी कॉलेजात असताना उभा राहून विचारला होता. "ते परीक्षेला नाही, बस खाली," असे उत्तर आले होते, आणि मागच्या बाकांवर हशा पिकला होता. त्या हशाचा राग मी बरीच वर्षे जपून ठेवला होता. आता स्वतःच्या स्वयंपाकघरात, गोड आवाजात, मी तेच उत्तर दिले होते. त्या रात्री मुलगी झोपल्यावर वाचायला बसलो, आणि सापडले ते असे की हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा निघालेला नव्हता. तो १८७०च्या दशकाच्या शेवटी आपल्या इथल्याच बाल्टिमोर शहरात एका विद्यार्थ्याने विचारला होता. त्याचे नाव एडविन हॉल.

पन्नास वर्षांची पूर्वपीठिका

वीज आणि चुंबक यांचे नाते जगाला कळले ते १८२० साली. कोपनहेगनचे प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना आढळले, की तारेतून प्रवाह सोडला की जवळची होकायंत्राची सुई हलते. ही बातमी पॅरिसला पोचताच आंद्रे-मारी अँपिअर यांनी काही आठवड्यांतच दाखवून दिले, की प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात. पुढच्या वर्षी, म्हणजे १८२१मध्ये, लंडनला मायकेल फॅरेडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा करून प्रवाह वाहणारी तार त्याच्याभोवती गोल फिरवून दाखवली. आपल्या मिक्सरपासून विजेच्या मोटारगाडीपर्यंत सगळे त्या फिरणाऱ्या तारेचे वंशज.

मात्र तारेच्या आत वाहते ते नक्की काय, हे यांपैकी कुणालाच माहीत नव्हते. काही म्हणत ते द्रव आहे. काही म्हणत दोन द्रव आहेत, उलटसुलट दिशांनी वाहणारे. इलेक्ट्रॉन सापडायला १८९७ साल उजाडायचे होते.

१८७३ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या विषयातला तो वेदच म्हणा ना. त्याच्या दुसऱ्या खंडात मॅक्सवेल यांनी वाचकाला बजावले होते, की चुंबकाचे हे बल प्रवाहावर नसते, प्रवाह वाहून नेणाऱ्या तारेवर असते. तार मोकळी असेल तर ती सरकेल. पण तार घट्ट धरून ठेवली, तर चुंबक लावला त्या क्षणी थोडी चलबिचल होऊन पुढे प्रवाह पूर्वीसारखाच, पूर्वीच्याच वाटेने वाहत राहील. या विधानाला आधार नव्हता असे नाही. तोवर कोणत्याही प्रयोगात स्थिर तारेतला प्रवाह चुंबकाने बाजूला सरकलेला दिसला नव्हता. आणि प्रवाह म्हणजे एखादी वस्तू आहे असे मानायला मॅक्सवेल तयारच नव्हते.

ट्रॉय गावचा इंजिनिअर

आता हॉल यांच्या गुरूंविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. हेन्री रोलंड हे शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या रेन्सेलर संस्थेतून १८७० साली पदवीधर झालेले. लोखंड आणि पोलाद यांच्या चुंबकत्वावर त्यांनी स्वतःच्या हिमतीवर प्रयोग केले आणि निबंध लिहून अमेरिकेतल्या प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. सुधारून पाठवला, पुन्हा परत. तेव्हा पंचविशीच्या आतल्या या तरुणाने तो थेट केंब्रिजला मॅक्सवेल यांच्याकडे धाडला. ना ओळख, ना शिफारस. मॅक्सवेल यांनी तो वाचला, मनापासून वाखाणला आणि १८७३ साली इंग्लंडमधल्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आणला.

परदेशात येऊन नोकरीसाठी अर्ज पाठवलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शंभर दारे बंद होतात आणि एक उघडते, तेव्हा ते उघडणारा हात माणूस जन्मभर विसरत नाही.

बाल्टिमोरचे धनिक व्यापारी जॉन्स हॉपकिन्स यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून त्यावेळी एक नवे विद्यापीठ उभे राहत होते. त्याचे पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी सव्वीस वर्षांच्या रोलंड यांना हेरले आणि उपकरणे घेऊन यायला युरोपात पाठवले. त्या मुक्कामात रोलंड बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी १८७६ साली एबोनाइटच्या तबकडीला सोन्याचा मुलामा देऊन, तिला विद्युतभारित करून, सेकंदाला साठेक फेऱ्या अशा वेगाने गरगर फिरवले. तबकडीजवळ टांगलेली चुंबकाची सुई किंचित हलली. तारेत प्रवाह नाही, किंबहुना तारच नाही, नुसता विद्युतभार जागा बदलतो आहे, आणि तरीही चुंबकीय परिणाम! हलणारा विद्युतभार म्हणजे प्रवाह, हे पहिल्यांदा प्रयोगाने दिसले.

मग उलट प्रश्न आपोआपच पुढे येतो. हलणारा विद्युतभार चुंबकाची सुई ढकलू शकत असेल, तर चुंबक हलणाऱ्या विद्युतभाराला ढकलत नसेल का?

विद्यार्थी शंका विचारतो

एडविन हॉल यांचा जन्म १८५५चा, उत्तरेकडच्या मेन राज्यातला. बोडन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी दोन वर्षे शाळेत शिकवले, आणि १८७७मध्ये ते हॉपकिन्सला रोलंड यांच्या हाताखाली दाखल झाले. विद्यापीठाच्या त्यावेळच्या इमारती बाल्टिमोर शहराच्या मध्यभागी, हॉवर्ड स्ट्रीटवर होत्या. आजचा प्रशस्त होमवुड परिसर नंतरचा.

मॅक्सवेल यांचा ग्रंथ वाचताना हॉल त्या विधानापाशी अडखळले. त्यांचा युक्तिवाद आपण आपल्या मुलांना सांगावा इतका साधा आहे. प्रवाह नसलेल्या तारेवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही. प्रवाह सुरू केला की होतो, आणि प्रवाह जितका मोठा तितका तो वाढतो. तार जाड की बारीक, तांब्याची की चांदीची, याने फरक पडत नाही. मग बल प्रवाहावरच आहे असे म्हणणे अधिक स्वाभाविक नाही का? थोड्याच दिवसांत त्यांच्या वाचनात एडलुंड या स्वीडिश शास्त्रज्ञाचा लेख आला. त्यात चुंबक प्रवाहावरच काम करतो असे गृहीत धरले होते. दोन जाणकार, दोन मते. हॉल यांनी जाऊन रोलंड यांना विचारले.

ही घटका मला सबंध गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते. रोलंड यांच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. ज्या मॅक्सवेल यांनी त्यांना पुढे आणले, ज्यांच्या स्कॉटलंडमधल्या घरी ते राहून आले, त्यांच्याच ग्रंथातले एक वाक्य चुकीचे असावे असे समोरचा विद्यार्थी म्हणतो आहे. रोलंड यांनी त्याला खाली बसवले नाही. मलाही त्या विधानाची शंका येते, असे त्यांनी सांगितले. एवढेच नव्हे, तर आपण पूर्वी घाईघाईत एक प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला, हेही सांगितले. गुरूने शिष्यापुढे आपला फसलेला प्रयोग ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. मग त्यांनी हॉल यांना स्वतः करून बघायला मोकळीक दिली.

आधी शून्य, मग सुई हलली

हॉल यांचा पहिला विचार असा, की चुंबक जर प्रवाहाला तारेच्या एका कडेला ओढत असेल, तर प्रवाहाला वाट अरुंद होईल, म्हणजे तारेचा रोध वाढायला हवा. त्यांनी जर्मन सिल्व्हरच्या तारेची चपटी गुंडाळी केली, प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली, आणि ऑक्टोबर १८७९मध्ये रोध मोजायला सुरुवात केली. तेरा मालिका, प्रत्येकीत चाळीस वाचने. चुंबक सुरू, चुंबक बंद, चुंबक उलटा. बेरीज-वजाबाकी करून हाती आले ते शून्य.

इथे बहुतेकांनी मॅक्सवेल बरोबर होते म्हणून वही मिटली असती. हॉल यांनी मात्र शून्याचा वेगळा अर्थ लावून पाहिला. प्रवाह प्रत्यक्ष बाजूला सरकत नसेल, पण त्याच्यावर कडेच्या दिशेने दाब तर येत असेल? तसे असेल तर तारेच्या दोन कडांमध्ये काही विद्युतदाबाचा फरक दिसायला हवा. रोलंड यांचा फसलेला प्रयोग याच धर्तीचा होता. त्यांनी धातूचा पत्रा वापरला होता. यावेळी त्यांनी सुचवले, की पत्र्याऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घे.

वर्ख म्हणजे तोच, आपण मिठाईवर लावतो तसला. चांगला वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. आडव्या दिशेचा हा दाब पट्टीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापेक्षा वर्खात तो दहा हजार पटींनी मोठा. गुरूंचा प्रयोग का फसला याचे उत्तर जाडीत होते.

२८ ऑक्टोबर १८७९. हॉल यांनी वर्खातून लांबीच्या दिशेने प्रवाह सोडला, दोन कडांना संवेदनशील गॅल्व्हानोमीटर जोडला, आणि विद्युतचुंबक सुरू केला. सुई हलली. हलली आणि तिथेच राहिली, म्हणजे ती मॅक्सवेल म्हणत होते ती क्षणिक चलबिचल नव्हती. चुंबकाची दिशा उलटवल्यावर सुई उलटीकडे गेली. चोविसावा वाढदिवस दहा दिवसांवर आलेल्या विद्यार्थ्याने मॅक्सवेल यांचे ते वाक्य खोडले होते.

मॅक्सवेल यांच्यापर्यंत ही वार्ता पोचली नाही. केंब्रिजमध्ये ते मृत्युशय्येवर होते. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, हॉल यांच्या प्रयोगानंतर आठच दिवसांनी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ट्रॉयच्या अनोळखी मुलाचा निबंध ज्या माणसाने छापून आणला, तो आपली चूक दाखवणाऱ्या या मुलाचा निबंध वाचून रागावला असता असे मला तरी वाटत नाही. पुढे ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत जे. जे. थॉमसन यांनी त्या विधानाखाली हॉल यांच्या शोधाची तळटीप जोडली.

दादरचा पूल

पण रोध का वाढला नाही? माझ्या मुलीने दुसऱ्या दिवशी नेमके हेच विचारले. तिला मी दादर स्टेशनचा पूल सांगितला, सुट्टीत तिने तो अनुभवला आहे.

संध्याकाळची वेळ, पुलावरून लोंढा सरळ चालला आहे. अशात काही कारणाने प्रत्येकाला डावीकडे रेटा बसू लागला. सुरुवातीचे काही लोक डाव्या कठड्याशी जाऊन दाटतात. उजवा कठडा जरा मोकळा होतो. पण डावीकडे दाटी झाली की तिथले लोक मागून येणाऱ्यांना उजवीकडे ढकलू लागतात. लवकरच रेटा आणि हा उलटा धक्का बरोबरीत येतात, आणि पुढचा लोंढा पुन्हा सरळ चालू लागतो. पुलाच्या टोकाला उभे राहून मिनिटाला किती माणसे उतरली एवढेच मोजाल, तर काहीच बदललेले दिसणार नाही. हा हॉल यांचा पहिला प्रयोग. पण दोन कठड्यांची दाटी ताडून पाहिली तर फरक लगेच कळेल. हा दुसरा, वर्खाचा प्रयोग.

म्हणजे बल असते ते हलणाऱ्या विद्युतभारांवर. ते कडेला दाटतात, आणि त्यांच्या दाटीतून तो रेटा अखेर धातूच्या कठड्याला, म्हणजे तारेला मिळतो. तार सरकते हे मॅक्सवेल यांचे निरीक्षण खोटे नव्हते. ती सरकते कोणामुळे, एवढेच चुकले होते. आणखी एक गंमत म्हणजे हे विद्युतभार तारेत गोगलगायीलाही लाजवतील अशा संथपणे पुढे सरकतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर प्रवाह असेल, तर त्यांचा सरासरी वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी! बल जाणवते ते त्यांच्या अफाट संख्येमुळे.

सूत्र कोणाचे?

आज हे बल लोरेंट्झ यांच्या नावाने ओळखले जाते. विद्युतभार, त्याचा वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांचा गुणाकार, आणि दिशा वेग व क्षेत्र या दोघांनाही काटकोनात. पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावणाऱ्या या सूत्रालाही बरेच हात लागले आहेत. १८८१ साली चोवीस वर्षांच्या जे. जे. थॉमसन यांनी ते गणिताने काढले, पण उत्तर निम्मेच आले. १८८९ साली ऑलिव्हर हेविसाइड यांनी ते बरोबर काढले. हेविसाइड हे लंडनचे, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेले, काही काळ तारखात्यात काम केलेले आणि पुढे घरी बसून स्वतःच शिकलेले गृहस्थ. हॉलंडमधल्या लायडनच्या हेंड्रिक लोरेंट्झ यांनी १८९२ आणि १८९५च्या लेखनात त्याला विद्युतकणांच्या पूर्ण सिद्धांतात बसवले, आणि नाव त्यांचे लागले.

१८९६मध्ये लायडनलाच पीटर झेमान यांनी चुंबकीय क्षेत्रात ज्योत ठेवली आणि तिच्या प्रकाशातल्या रेषा रुंदावलेल्या पाहिल्या. अणूच्या आतल्या हलत्या विद्युतभारांवरही हेच बल काम करते आहे, असे लोरेंट्झ यांनी त्यावरून दाखवले. १९०२चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. झेमान यांनी प्रकाश फाकवायला वापरलेली बारीक रेघांची जाळी रोलंड यांची होती, त्यांनीच शोधलेल्या पद्धतीने आखलेली. आणि १८९७ साली ज्यांचे उत्तर पूर्वी निम्मे आले होते त्या थॉमसन यांनी निर्वात नळीत याच बलाला विद्युतबलाने तोलून धरले, आणि इलेक्ट्रॉन जगापुढे आणला.

लोखंडाचे उलटे उत्तर

हॉल यांनी १८८०मध्ये प्रयोग पुढे चालवला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सोन्यात सुई एकीकडे जात होती, तर लोखंडात दुसरीकडे. म्हणजे जणू लोखंडात वाहणारा भार उलट चिन्हाचा! याचा उलगडा जवळपास पन्नास वर्षे झाला नाही. क्वांटम सिद्धांत आल्यावर १९२९ साली रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दाखवले, की काही पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतली रिकामी जागाच धन भारासारखी वागते. या रिकाम्या जागेला पुढे 'होल' असे नाव पडले. हॉलने होल दाखवले, असे म्हणायला हरकत नाही! सिलिकॉनमध्ये ऋण भार वाहतात की होल, हे ओळखण्याची हॉल यांची कसोटी सेमिकंडक्टरच्या प्रयोगशाळांत आजही रोजच्या वापरात आहे.

सेमिकंडक्टरमध्ये भारवाहक कमी, म्हणून आडवा दाब मोठा. त्यामुळेच वर्खावरचा हा नाजूक परिणाम शेंगदाण्याएवढ्या तुकड्यात मावला आणि माझ्या मोटारींत येऊन बसला. गाडीची चाके किती वेगाने फिरतात हे सांगणारे, लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर पडदा बंद करणारे संवेदक पुष्कळदा याच जातीचे असतात.

१९८० साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना आढळले, की अतिशीत तापमानाला आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हा आडवा रोध सलग बदलत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. पहिल्या पायरीचे मूल्य २५,८१२.८०७ ओहम, नमुना कोणताही असो. त्यांना १९८५चे नोबेल मिळाले. या पायऱ्यांच्या मधल्या अपूर्णांकी पायऱ्यांचे कोडे उलगडण्यात भारतात जन्मलेल्या जैनेंद्र जैन यांचा मोठा वाटा आहे. २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली, आणि ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्या तराजूत विजेचे मोजमाप याच पायऱ्यांच्या आधाराने होते. असा एक तराजू बाल्टिमोरपासून तासाभराच्या अंतरावर, गेथर्सबर्गच्या राष्ट्रीय मापन संस्थेत आहे. आपण वाण्याकडे जी डाळ मोजून घेतो, तिच्या मापाच्या मुळाशीही हॉल यांची शंका आहे म्हणायची.

हॉल पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले आणि १९२१मध्ये निवृत्त झाले. शाळकरी मुलांनी भौतिकशास्त्र घोकू नये, हाताने करावे, यासाठी त्यांनी प्रयोगांची एक यादी तयार केली, आणि ती अमेरिकेतल्या शाळांत बरीच वापरली गेली. १९३८ साली ते वारले.

आमच्या गॅरेजमधला प्रयोग

एवढे वाचल्यावर स्वस्थ बसवेना. केक सजवण्यासाठी खाण्याचा सोन्याचा वर्ख मिळतो, तो मागवला. तसबिरीची काच घेतली. दोन प्रबळ चुंबक आणले. एका शनिवारी बाप-लेक गॅरेजमध्ये बसलो. पहिले तीन वर्ख तर श्वासानेच उडाले. चौथा काचेवर बसला. चारी कडांना तारा चिकटवल्या, प्रवाह सोडला, आणि कडांना मल्टिमीटर लावला. माझ्या हिशेबाने काही मायक्रोव्होल्ट यायला हवे होते, पण आमच्या मल्टिमीटरला त्याहून कितीतरी मोठे आकडेच दिसतात. चुंबक जवळ नेला, दूर नेला, उलटा केला. आकडा आपल्याच नादात वरखाली होत राहिला, वर्ख तापल्यामुळे असेल किंवा तारा समोरासमोर नसल्यामुळे.

"बाबा, आपला प्रयोग फसला," ती म्हणाली.

"हॉलच्या तेरा मालिका फसल्या होत्या. वहीत लिही."

तिने तारीख घालून लिहिले, मोजता येण्याजोगा फरक नाही. मग मान वर करून विचारले, "पण चुंबकाचं बल नेहमी वेगाला काटकोनात असेल, तर ते वेग वाढवूच शकणार नाही. मग मोटार फिरवायला लागणारी शक्ती येते कुठून?"

वाचकहो, गेली कित्येक वर्षे मी मोटारी फिरवतो आहे. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, "थांब, मलाही पुन्हा विचार करायला हवा," आणि आम्ही दोघे गॅरेजच्या पायरीवर कागद घेऊन बसलो. शक्ती बॅटरीची, चुंबक फक्त तिला वळण लावून देतो, इथपर्यंत यायला आम्हाला जेवणाची वेळ झाली.

कॉलेजातल्या त्या सरांचा राग आता उरलेला नाही. त्यांच्या टेबलावर सह्यांसाठी एकशेवीस जर्नलांचा ढीग असे, आणि प्रयोगशाळेत चालू असलेले गॅल्व्हानोमीटर दोन. माझ्या टेबलावर त्या रविवारी एक मुलगी होती आणि एक प्रश्न होता, आणि मला कसलीही घाई नव्हती.

उरलेला वर्ख दिवाळीला काजूकतलीवर लावला. सौ.चे म्हणणे, तिथे तरी तो नीट चिकटला.